रेल्वेच्या खिळ्याची सुरी केली, दिसायला नादखुळा पण टोमॅटो कापंना

दहावी_गल्ली · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेले चार महिने घरामागच्या बोळात भट्टी लावून लोहारकाम शिकालोय. शिकवणारं कोण नाही, मोबाईलवर बघायचं आणि ठोकायचं असं चाललंय. दिवसभर शिरोलीला सीएनसीवर असतो, तिथं सगळं मशीनच करतंय, आपण बटण दाबून गप उभं राहायचं, म्हणून वाटलं एकदा तरी स्वतःच्या हातानं काहीतरी ठोकून बघावं.

भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालनं पाइप आणि त्याला बहिणीचा जुना हेअर ड्रायर (जुना म्हणजे तिच्या मते तो अजून चालू आहे आणि घरातच कुठंतरी हरवलाय). ऐरण म्हणून उद्यमनगरात भंगारवाल्याकडं ३८ किलोचा एक ठोकळा मिळाला, तो बाभळीच्या ओंडक्यावर बसवलाय. त्याच दुकानात रेल्वेचे जुने खिळे दिसले, ते डॉग स्पाइक म्हणतात ते, डोक्याला दोन्हीकडं कानासारखं असतंय. सगळे व्हिडिओवाले ह्याचीच सुरी करतात म्हणून चार घेतले.

तीन रविवार घालवले. डोकं तसंच ठेवलंय, मधला भाग पीळ देऊन मूठ केली आणि पुढं पातं काढलं. पीळ असला भारी बसलाय की बघतच राहावं. तेलात विझवली, धार लावली, कागद सटासट कापला. मग आईनं टोमॅटो दिला. पहिला बरा कापला, दुसरा दाबायला लागला, तिसऱ्याचा रस्साच झाला. परत धार लावली तर परत तेच. कानस फिरवली तर लोण्यासारखी लागतीया, म्हणजे पातं मऊच. परत तापवून पाण्यात विझवून बघितली, तरी कानस लागतीयाच. कुठं चुकतंय?

---

पांढरा_रस्सा · १०.५२

भावा टोमॅटोचा तांबडा झाला म्हणजे निम्मा विषय सुटला, आता मटण टाक.

---

फर्नेसवाली · ११.१५

तुमचं काही चुकलेलं नाही, खिळाच तसा आहे. मी फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करते, रोज कार्बन मोजणं हाच धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्पाइकचं काम काय तर रूळ त्याच्याखालच्या लाकडी स्लीपरला (आडव्या ओंडक्याला) धरून ठेवायचा. वरून गाडी गेली की तो थोडा वाकला तर चालतो, पण तुटला तर चालत नाही. म्हणून ते स्टील मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, कार्बन कमी. पोलाद कडक होतं ते कार्बनमुळं, आणि सुरीची धार टिकायची तर निदान अर्धा टक्का तरी लागतो. त्याच्या खाली तुम्ही तेलात विझवा, पाण्यात विझवा नाहीतर पंचगंगेत नेऊन बुडवा, कानस लागणारच.

व्हिडिओ बघणाऱ्यांची फसगत कुठं होते तेही सांगते. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडच्या काही स्पाइकच्या डोक्यावर एचसी असा शिक्का असतो, म्हणजे हाय कार्बन, आणि लोक खूश होतात. पण ते हाय इतर स्पाइकच्या मानानं हाय, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के. सुरीच्या हिशेबानं ते मऊच.

घरी तपासायचं असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. अंधारात बघा. कमी कार्बनच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या. कार्बन वाढला की ठिणगी पुढं जाऊन फुलबाजीसारखी फुटते, फाटे फुटतात. शेजारी एखादी जुनी कानस धरून बघा म्हणजे फरक लगेच कळेल, कानशीत कार्बन भरपूर असतो.

---

भुदरगडकर · सोमवार, सकाळी ६.२०

बाईंनी सांगितलं ते बरोबर हाय. आमच्यात आजापातूर लोहारकीच. आता मी एसटीत हाय पण भाता अजून परड्यात हाय, पावसाळ्याच्या तोंडाला पावण्यापैंचे फाळ शेवटून (ठोकून टोक काढून) देतो.

आमचा आजा कुऱ्हाड करायचा तवा आख्खी पोलादाची कधीच न्हाई. पोलाद महाग. अंग मऊ लोखंडाचं, तोंडाला चीर द्यायची, त्यात पोलादाची पट्टी भरायची, टाकणखार टाकायचा, पार पांढरंफेक तापवायचं आणि घणाखाली एकजीव करायचं. ह्याला पोलाद भरणं म्हणत्यात. तुझ्या खिळ्यात पण पोलाद भरता येईल, पण चार महिन्यात ते जमायचं न्हाई, मला चार वरसं लागली. नाद करू नको आत्ताच.

खिळा सोड. रेल्वेचंच पायजे आसंल तर ती वाकडी क्लिप घे, इंग्रजी ई सारखी दिसती ती.

---

दहावी_गल्ली · सोमवार, दुपारी १.३५ (जेवणाच्या सुट्टीत)

काका, मॅडम, लई आभार. रात्री साडेअकराला ग्राइंडर लावून ठिणग्या बघितल्या, शेजारच्यांनी खिडकीतनं शिव्या घातल्या पण फरक दिसला. खिळ्याच्या ठिणग्या म्हणजे नुसत्या लांब रेघा, कानशीची पार दिवाळी.

क्लिप मिळाली तर ती चालंल का नक्की? रुळाचा तुकडा पण बघितलाय भंगारात.

---

फर्नेसवाली · सोमवार, रात्री ९.०५

क्लिप उत्तम. काँक्रीट स्लीपरवर रूळ दाबून धरते ती स्प्रिंगच आहे. स्टील ५५एसआय७, म्हणजे कार्बन ०.५ ते ०.६, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, घराणं पण हेच. आपल्याकडं ऊसतोडीचे कोयते पाट्याचे करतात ना, मग क्लिप आणि पाटा ही चुलत भावंडं समजा.

रुळात तर कार्बन अजून जास्त, ०.६ ते ०.८. पण रुळाचा तुकडा हातानं ठोकून पातळ करायला जन्म जाईल. त्याची ऐरण करा.

---

रुळावरचा_माणूस · सोमवार, रात्री १०.१०

सर्वजण सुरीबद्दल लिहीत आहेत, मी बिलाबद्दल लिहितो. मिरजेला ट्रॅकच्या खात्यातून निवृत्त झालो आहे, ३४ वर्षे सर्व्हिस.

आपण भंगारवाल्याकडून खिळे घेतलेत, बिल घेतलेत का? रेल्वेच्या मालाला वेगळा कायदा आहे, १९६६ चा, रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवण्याबद्दलचा. त्यात गंमत अशी की माल चोरीचा असल्याचा वाजवी संशय असला, तर तो तुमच्याकडे रीतसर आला हे सिद्ध करणे तुमच्या गळ्यात पडते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रेल्वे आपले भंगार लिलावात विकते, लिलाव आता ऑनलाइन होतो, तिथून घेणाऱ्याकडे कागद असतो. त्या कागदाची झेरॉक्स आणि स्वतःच्या नावाचे बिल घ्या, दहा रुपयांची वस्तू असली तरी घ्या.

आणि इतर वाचणाऱ्यांसाठी: रुळाशेजारी पडलेली क्लिप दिसली म्हणून कृपा करून उचलू नका. बसवलेली काढणे तर सोडाच. एका स्लीपरला चार क्लिपा. आमच्याकडे किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साडेसहा हजारांवर क्लिपा होतात आणि की-मॅन रोज चालत जाऊन त्या बघतो. ऊन असो, पाऊस असो. हातोड्याने निसटलेली क्लिप परत बसवतो. त्याच्या कामात भर घालू नका.

---

पांढरा_रस्सा · १०.१४

काका एका दमात जाळ अन् धूर संगटच काढला.

---

दहावी_गल्ली · सोमवार, १०.३०

काका बरं झालं सांगितलंसा. बिल नव्हतं घेतलं. उद्याच जातो.

---

दहावी_गल्ली · बुधवार, रात्री ८.४५

गेलो होतो. भंगारवाला आधी हसला, म्हणाला चार खिळ्याचं बिल मागणारा पहिलाच बघितला. मग फाइल काढली, लिलावाचा कागद होता त्याच्याकडं, झेरॉक्स दिली, खिळ्याचं जुनं आणि तीन क्लिपांचं नवं असं बिल केलं. क्लिपेला खालनं वरनं बघितलं, तडा नाही.

---

कागलची_पोर · बुधवार, रात्री ९.२०

मध्येच एक विचारते, असली सुरी घरात ठेवायला लायसन लागतंय का? आमच्या भावाला पण करायचीया, बाबा नको म्हणतायत.

---

रुळावरचा_माणूस · बुधवार, रात्री ९.४८

घरकामाच्या आणि शेतीच्या हत्याराला नाही लागत. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची मर्यादा आहे, त्यातून घरगुती, शेतीची व कारखान्याची अवजारे वगळली आहेत. भाजीची सुरी करा, सहा इंचांत ठेवा, आणि कमरेला लावून रंकाळ्यावर फिरायला नेऊ नका. बाबांना हे दाखवा.

---

दहावी_गल्ली · रविवार, रात्री ११.२०

बाजार उठला राव.

सकाळी सातपासनं बसलो होतो. क्लिप सरळ करायलाच दीड तास गेला, एक टोक सांडशीत धरायचं आणि दुसरं पाइपात घालून ओढायचं, नारिंगी असली की लोण्यासारखी येतीया पण चार सेकंदात लाल झाली की हलतच नाही. मग २० मिलिमीटरचा गोल बार ठोकून ठोकून ५ मिलिमीटरची पट्टी करायची. खिळा ह्याच्यापुढं म्हणजे मेण होता. हातोडा उडून परत तोंडाकडं येतोय. दुपारी दंड असा भरून आला की जेवताना घास तोंडापर्यंत जाईना, आईनं विचारलं काय झालं, म्हटलं कंपनीत लोड होतं.

पातं मात्र झालं. धारेची बाजू ठोकताना सगळं केळ्यासारखं वाकडं व्हायला लागलं, ते सरळ करण्यात अजून दोन तास. कानशीनं आकार दिला. संध्याकाळी तापवली आणि पाण्यात घातली. खिळ्याला पाण्यात काय झालं नव्हतं म्हणून.

टिंग.

एवढाच आवाज. बाहेर काढली तर धारेपासनं पाठीपर्यंत केसाएवढी रेघ. बोटानं दाबली तर दोन तुकडे. अख्खा रविवार गेला.

---

भुदरगडकर · रविवार, ११.३१

व्हय, हुतंय. माझ्या पयल्या कोयत्याचं तीन तुकडं झाल्यालं आणि आजा हसाय लागल्याला.

तुकडं टाकू नको. मोडल्याली जागा बघ आणि सांग कशी दिसती.

---

दहावी_गल्ली · रविवार, ११.४०

साखरेसारखी. चकचकीत दाणे आहेत.

---

फर्नेसवाली · सोमवार, सकाळी ७.५०

मग दोन चुका एकदम झाल्या. पाण्याची पहिली, ती तुम्हाला कळलीच. ५५एसआय७ची पातळ पट्टी पाण्यात इतक्या झटक्यात गार होते की आतला ताण तिला फाडतो. तेलच वापरा, आणि तेल थोडं कोमट करून, ५०-६० डिग्री. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही.

दुसरी चूक त्या साखरेत आहे. दाणे मोठे झाले म्हणजे फार तापवलं. चांगलं पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, पोलाद मोडलं तर आत करडं, मऊसर, अगदी बारीक कणीचं दिसतं. किती वाजता विझवलं? उजेड होता का?

---

दहावी_गल्ली · सोमवार, दुपारी १.४०

साडेपाच वाजलेले. बोळात पश्चिमेचं ऊन थेट येतंय.

---

भुदरगडकर · सोमवार, दुपारी २.१०

हितंच घोळ. उन्हात लाल रंग दिसतच न्हाई मर्दा. तुला वाटतंय अजून काळंच हाय आणि तू भाता मारत बसतूयास. पाणी द्यायचं काम सांजचं दिवेलागणीला नायतर छपराखाली अंधारात. आमचा आजा परड्यात पोतं टांगायचा. आणि ठोकताना रंग काळपट तांबडा झाला की हातोडा खाली ठेव, गार लोखंडावर मारलंस तर आतनं चिरतंय, दिसत न्हाई पण पाण्यात टिंग म्हणतंय.

केळं झालं म्हणालास त्यावर उपाय: धार ठोकायच्या आधी पट्टी मुद्दाम उलट्या अंगाला वाकवायची. धार ठोकशील तशी ती आपोआप सरळ येती.

---

फर्नेसवाली · सोमवार, रात्री ९.३०

काकांच्या पोत्याला माझी एक भर, लोहचुंबक. फुटक्या स्पीकरचा चालतो, तारेला बांधून भट्टीजवळ टांगा. पोलाद साधारण ७७० डिग्रीला गेलं की चुंबकाला चिकटायचं बंद होतं. ह्या स्टीलला विझवायच्या आधी ८५०-८७० हवं, म्हणजे चुंबक सोडला की अजून एक छटा उजळ, आणि बास. त्याच्यावर नाही.

विझवायच्या आधी तीन वेळा नुसतं तापवून हवेत गार होऊ द्या, प्रत्येक वेळी थोडं कमी तापवून. ठोकताना मोठे झालेले दाणे त्यात बारीक होतात आणि ताण उतरतो. हे आळस न करता करा, तुमच्या टिंगमध्ये ह्याचाही हात आहे.

अजून एक खोड सांगून ठेवते. सिलिकॉनवालं स्टील भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन पटकन गमावतं. विझवल्यावर कानस लागली तर लगेच रडू नका, थोडं घासून आतल्या थरावर कानस लावून बघा. आत कडक निघतं बऱ्याचदा.

---

पांढरा_रस्सा · सोमवार, रात्री ९.४१

मॅडम भज्याचं उरलेलं तेल चालतंय का? आमच्या गाड्यावर रोज डबाभर उरतंय.

---

फर्नेसवाली · सोमवार, रात्री ९.५०

चालतं, गाळून घ्या. थट्टा नाही, शेंगतेल बरं काम करतं. पण डबा पत्र्याचा, उभा, आणि शेजारी झाकण हवंच. पातं अर्धवट बुडालं की तेल पेट घेतं, झाकण टाकलं की विझतं. पाणी ओतायचं नाही त्यावर. आणि प्लास्टिकची बादली वापरणारे मी डोळ्यांनी बघितलेत, म्हणून लिहितेय.

---

दहावी_गल्ली · शनिवार, रात्री ११.५५

मंडळी. झालं.

ह्यावेळी घाई केली नाही. दोन संध्याकाळी नुसतं ठोकलं, उलटं वाकवून घेतलं आणि खरंच धार ठोकता ठोकता पट्टी सरळ झाली, काका तुमच्या आजोबांना दंडवत. तीन वेळा तापवून हवेत गार केली. आज सातनंतर बोळात पोतं टांगलं, चुंबक टांगला. चुंबकानं सोडलं, मनात पाच आकडे मोजले, आणि तेलात. (तेल पांढऱ्या रश्श्याच्या गाड्यावरचंच, जाऊन आणलं.) भसकन ज्वाळ आली, झाकण हातात होतं पण लागलं नाही.

टिंग आलं नाही. मी कान देऊन उभा होतो, आलं नाही.

कानस लावली तर लागली. पोटात गोळा. मग मॅडमचं आठवलं, जरा घासलं आणि परत लावली. कानस सुळकन घसरली, काचेवरनं घसरावी तशी. तो आवाज मी विसरणार नाही.

आता पुढं काय? हे असंच धार लावून वापरायचं का?

---

फर्नेसवाली · रविवार, सकाळी ७.१०

नाही नाही, असं ठेवू नका! आत्ता ते काचेसारखं आहे, फरशीवर पडलं तर तुकडे. आजच टेंपर करा, म्हणजे हलकं तापवून ठिसूळपणा उतरवा. घरात ओटीजी असेल तर २०० डिग्री, एक तास, बाहेर काढून गार, परत एक तास. आधी तेल साबणानं नीट धुवा, नाहीतर घरभर भज्याचा वास.

---

भुदरगडकर · रविवार, सकाळी ७.२५

ओटीजी नसंल तर आमची रीत. पातं आधी दगडावर घासून चकचकीत करायचं. जाड लोखंड लाल करून त्यावर पात्याची पाठ टेकवायची, धार वर. रंग पाठीकडनं धारेकडं पळत येतो, पयला गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीच्या धारंवर पिवळा पोचला की पाण्यात. कोयत्याला जांभळ्यापातूर जाऊ द्यायचं, त्याला उसाच्या बुडख्यावर मार खायचा असतो. डोळं हटवायचं न्हाई, रंग बघता बघता पुढं जातोय.

---

दहावी_गल्ली · रविवार, रात्री १०.१५

ओटीजीत केली. धुतली होती तरी वास आलाच, आईनं विचारलं आज भजी का.

रंग फिकट पिवळा आलाय. शिसवाची मूठ, दोन पितळी रिव्हेट, जवसाचं तेल तीन हात. सुतारकाम माझं यथातथाच आहे, एका बाजूला फट राहिलीया, ती जवळनं फोटोत दिसतीया, हसू नका.

टोमॅटो: अकरा. नंतर मोजायचं सोडलं. आज कांदा, आलं, कोथिंबीर, सगळं त्याच्यावर. धार अजून तशीच.

आईचा निकाल मात्र वेगळाच लागला. ती म्हणाली चांगली हाय, पण मला विळीच बरी, आणि तिनं तो पहिला मऊ खिळा उचलला. घरात गुळाचा रवा (ढेप) आलाय, तो फोडायला तिला हेच पाहिजे होतं म्हणे, डोकं जड आहे, वाकलं तरी तुटत नाही. गूळ फोडून वर मला म्हणते, असली अजून दोन कर, मावशीला देते.

---

रुळावरचा_माणूस · रविवार, रात्री १०.३२

अभिनंदन. खिळा शेवटी आपल्या स्वभावावर गेला म्हणायचा.

बिल जपून ठेवा.

---

पांढरा_रस्सा · रविवार, रात्री १०.४०

विषय हार्ड! आणि हेअर ड्रायरचं काय झालं?

---

दहावी_गल्ली · रविवार, रात्री १०.५८

कळलं. तोंड वितळलं होतं त्याचं, लपवता आलं नाही. नवा घेऊन दिला आणि वर सुरी पण तिनंच नेली, पुण्याला हॉस्टेलवर. म्हणजे माझ्याकडं आता चार महिन्यांच्या कामाचं काहीच शिल्लक नाही, एक क्लिप सोडून.

काका, पुढच्या रविवारी तुमच्या भात्यावर यायचं म्हणतोय, पोलाद भरायचं बघायचंय नुसतं. येताना क्लिप आणू का पाटा आणू?

---

भुदरगडकर · रविवार, ११.०५

ये की. लोखंड हितं ढीगभर पडलंय. घण मारायला माणूस न्हाई, दंडात जीव घेऊन ये.